शिवळ काढून राहिलो

अकोल्याच्या कचेरीपुढच्या कडुनिंबाखाली माणिकबाई माळीण भाजी विकायची आणि भाजीवर दोन गोष्टी फुकट द्यायची. एक म्हणजे चार मिरच्या आणि दुसरी म्हणजे आपल्या जावयाची निंदा. मिरच्या कधीकधी संपायच्या, निंदा कधीच संपली नाही.

ती राहायची मोर्णेपलीकडे, जुन्या शहरात. नदीकाठी तिचा लहानसा मळा होता. उजाडताच भाजी तोडायची, टोपली डोक्यावर घेऊन नदी ओलांडायची आणि कारकून मंडळी यायच्या आत निंबाखाली पोतं अंथरून बसायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून मळा तिचा, मोट तिची आणि बोलायची पाळीही तिचीच. आवाज असा खणखणीत, की पट्टेवाला आत पुकारा करायचा आणि पक्षकार बाहेर माणिकबाईलाच विचारायचे, "बाई, कोनाचं नाव घेतलं वो?"

आता ही निंदा कशापायी, ते सांगितलं पाहिजे. ही गोष्ट अठराशे चौसष्ट सालच्या हिवाळ्यातली. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि इकडे वऱ्हाडच्या काळ्या मातीचं नशीब फळफळलं. जो तो कापसाच्या मागे लागला. लोकांनी कुरणं मोडली, ज्वारीची वावरं मोडली, अंगणातली झेंडूची रोपं काढून तिथंसुद्धा कापूस लावला. माणिकबाईचा जावई सहदेव हा दोन कोसांवरच्या गावचा माळी. त्याच्याही डोक्यात वारं शिरलं आणि त्यानं वांग्याचं अख्खं वावर उपटून कापूस पेरला.

ही वांगी साधी नव्हती. रुख्मिणीच्या लग्नात माणिकबाईनं लेकीच्या ओटीत तांदळाबरोबर वांग्याच्या बियाची पुरचुंडी घातली होती. माणिकबाईच्या आईनंही तिच्या ओटीत तीच घातली होती. काटेरी देठाचं, जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघांचं ते वांगं भाजलं की वास पार नदीपर्यंत जायचा. जावयानं ते उपटलं म्हटल्यावर माणिकबाई तशीच तरातरा त्याच्या वावरात गेली होती आणि सासू-जावयाची अशी जुंपली, की दोन शेतं पलीकडचे लोक औत थांबवून ऐकत उभे राहिले. तेव्हापासून आठ महिने दोघांची बोलाचाल बंद होती.

"जवाई नाई, आगीचा लोळ हाये," ती गिऱ्हाइकाला सांगायची. "नाकावर राग घिऊनच जन्मला. माह्या पोट्टीनं पाप केलं असंल मागच्या जन्मी. घ्या, मेथी ताजी हाये."

ऐकणाऱ्यांत रोजचे एक शिरस्तेदार वामनराव होते. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले, अक्षर मोत्यासारखं, माणूस सरळ. पण वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. एका सकाळी त्यांनी विचारलं, "माणिकबाई, मुळे आहेत का?"

"येऊन राहिले, रावसाहेब."

वामनरावांनी टोपलीत पाहिलं. पोत्यावर पाहिलं. "कुठं आहेत?"

"येऊन राहिले ना."

"अगं, येऊन राहिलेत तर दाखव की! लपवून कुणासाठी ठेवलेस?"

माणिकबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बिचारे ओशाळून मेथी घेऊन आत गेले. पाठोपाठ तिची शेजारीण नदीकडून मुळ्यांचा भारा घेऊन आली. माणिकबाई तिला म्हणाली, "पुन्याचा मानूस शिकलेला लय, पण समजत कमी. मुळे वाटंनं येऊन राहिले म्हनते मी, अन् हा मले टोपलीत दाखव म्हनते." दोघी पोट धरून हसल्या आणि विसरूनही गेल्या.

पौषात एके दिवशी रुख्मिणी सासरहून चालत आली. सातवा महिना चाललेला, पाय धुळीनं भरलेले. निंबाखाली आल्याबरोबर ती आईच्या पोत्यावर मटकन बसली.

"माय, त्यायले धरून नेलं."

"कोनाले?"

"तुह्या जवायाले. कापसाच्या बजारात नत्थुजी मापाऱ्याचा हात मोडला त्यायनं. शिवळेनं मारलं."

बैल जुंपताना त्याच्या मानेशी जुवात जो हातभर लाकडी दांडका खोचतात, ती शिवळ. माणिकबाईच्या हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली. आठ महिने जे ती गावाला सांगत होती, तेच आज खरं होऊन समोर उभं राहिलं होतं, आणि तिला त्याचा एवढासाही आनंद झाला नाही. लेकीला पाणी पाजून ती उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा कचेरीची पायरी चढली.

वामनराव माणुसकीचे होते. त्यांनी तिला ओसरीतच उभं करून समजावलं. "हे बघ, हात मोडला हे तर तो स्वतःच कबूल करतो आहे. तेव्हा शिक्षा होणार. किती, हाच प्रश्न. साहेब कागदावर दोन रकाने पाडतात. डावीकडे शिक्षा वाढवणाऱ्या गोष्टी, उजवीकडे घटवणाऱ्या. रागाच्या भरात, कुणी चिडवलं म्हणून हात उठला, तर उजवीकडे. आधी ठरवून, हत्यार घेऊन वाट पाहत बसला, तर डावीकडे."

"म्हंजे वांग्यासारखं," माणिकबाई म्हणाली. "कीड बियातच होती का पावसानं मंग लागली, ते पाहाचं."

"हं... तसंच म्हण."

"मंग माहा जवाई कोन्या रकान्यात हाये?"

वामनरावांनी नजर चुकवली. "डावा रकाना भरत आलाय, बाई. दोन-तीन वर्षं तरी जाईल, असं दिसतं."

दोन-तीन वर्षं! रुख्मिणीचं लेकरू जन्माला येऊन चालायला, बोलायला लागेल आणि बापाला ओळखणार नाही. माणिकबाईला त्या दिवशी भाजीचा भावही नीट सांगता आला नाही.

सुनावणीच्या दिवशी तिनं टोपली निंबाखालीच सोडली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. साहेब इंग्रज, नुकतेच वऱ्हाडात आलेले. पुस्तकी मराठी जाणायचे, सावकाश बोलायचे. एका बाजूला नत्थुजी मापारी फळ्या बांधलेला उजवा हात गळ्यात अडकवून बसला होता. समोर सहदेव. दाढी वाढलेली, मान खाली. सासूला पाहून त्यानं मान आणखी खाली घातली.

वामनरावांनी जबानी वाचली. जशी सहदेवनं सांगितली होती तशी, शब्दन् शब्द, कारण वामनराव एक काना इकडचा तिकडे करणारे नव्हते. "मी बजारात गाडी उभी केली. मी शिवळ काढून राहिलो होतो. मापारी आला. त्यानं शिवी दिली. मी शिवळ मारली. मग शिवळ जुवात लावून टाकली."

"हे तुझेच शब्द?" साहेबांनी विचारलं.

"हो जी," सहदेव म्हणाला. शब्द त्याचेच होते. नाही कसं म्हणणार?

मग वामनरावांनी साहेबांसाठी अर्थ उलगडला. "मापारी येण्यापूर्वीच आरोपीनं शिवळ काढली आणि ती घेऊन तो तिथंच थांबून राहिला. मापारी येताच मारलं. नंतर शिवळ परत जुवात घालून हत्यार लपवलं."

साहेबांची लेखणी डाव्या रकान्यात फिरली. दबा धरून बसणे. हत्यार लपवणे. उजवा हात, म्हणजे पोटाचा हात, निकामी करणे.

"शिवी कोणती दिली?" साहेबांनी विचारलं.

सहदेव गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. उजवा रकाना कोराच राहिला.

"याचा आधीचा स्वभाव कसा आहे? कुणी सांगू शकेल?"

वामनराव घुटमळले. पण सांगितलं ना, माणूस सरळ होता, आणि सरळ माणसासारखी पंचाईत कुणाची होत नाही. ते म्हणाले, "याची सासू दाराशी उभी आहे. हा आगीचा लोळ आहे असं ती सहा महिने मलाच सांगत आली आहे."

पट्टेवाल्यानं माणिकबाईच्या नावाचा पुकारा केला. रोज लोकांना त्या पुकाऱ्याचा अर्थ सांगणाऱ्या बाईनं आज शेजारच्यालाच विचारलं, "कोनाचं नाव घेतलं वो?" आपण मेथीच्या जुडीबरोबर वाटलेला शब्द असा वळून कागदावर येऊन बसेल, हे तिला कोण सांगणार होतं? वाटलं, ही जीभ इथंच विळीवर धरावी. पण जीभच तेवढी जवळ होती, ती कापून चालणार नव्हती.

"तू म्हणालीस, तो तापट आहे?" साहेबांनी विचारलं.

"म्हनली," ती म्हणाली. "खोटं काहून बोलू? त्यानं माहे वांगे उपटले म्हून म्हनली. तापट तं हायेच. पन साहेब, तापट अन् मारका एक नोका करू."

"फरक काय?"

"मी त्याच्या वावरात भांडाले गेली होती, तवा त्याच्या हातात विळा होता. मी मोठी सासू असून वाट्टेल ते बोलली त्याले. त्यानं काय केलं? पह्यले विळा खाली ठेवला. वावराच्या धुऱ्याच्या पलीकडे ठेवला. अन् मंग भांडला. घसा बसेलोक भांडला, पन हात रिकामे ठिऊन भांडला."

साहेबांनी मान वर केली. "मग या वेळी शिवळ खाली का नाही ठेवली? उलट तो ती आधीच काढून, घेऊन राहिला होता."

"घिऊन कुठं राहिला होता?"

वामनरावांनी कागदावर बोट ठेवलं. "हे बघ. 'शिवळ काढून राहिलो होतो.' काढून, राहिलो."

माणिकबाईनं 'काढून राहिलो' हे शब्द पुटपुटून पाहिले. आणि मग तिला ते मुळे आठवले.

"अरे बाप्पा!" ती अशी ओरडली, की बाहेर निंबावरचे कावळे उडाले. "रावसाहेब, त्या दिवशी मी म्हटलं मुळे येऊन राहिले. टोपलीत होते का मुळे?"

"नव्हते. म्हणूनच तर मी..."

"कुठं होते?"

"मागाहून तुझी शेजारीण घेऊन आली," वामनराव म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज हळू झाला.

"म्हंजे मी बोलली तवा ते वाटंवर होते. येत होते. तुमी जेवत असता तं आमी म्हनतो, रावसाहेब जेवून राहिले. म्हंजे जेवन झालं अन् पाटावर बसून राहिले, असं थोडंच? घास तोंडातच हाये अजून! तसाच हा शिवळ काढून राहिला होता. काढत होता. बैल सोडत होता बिचारा. शिवळ काढल्याबिगर बैल मोकळा होते का? अर्धी काढली अन् हा नत्थुजी आला."

कचेरीत हशा पिकला. वामनराव मात्र हसले नाहीत. गोरापान माणूस कानापर्यंत लाल झाला होता. ते उभे राहिले आणि साहेबांना म्हणाले, "हुजूर, बाई बरोबर सांगते आहे. शब्द मी बरोबर लिहिले, अर्थ चुकीचा लावला. दोष माझा आहे." असं भर कचेरीत म्हणायला छाती लागते. माणिकबाईला तो पुण्याचा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा शिकलेला वाटला.

साहेबांनी 'दबा धरून बसणे' या ओळीवर आडवी रेघ मारली. "आणि शिवळ लपवली, त्याचं काय?"

आता नत्थुजी मापाऱ्याला राहवेना. मोडल्या हाताचा माणूस, त्यानं बोलायचं काही कारण नव्हतं. पण बाजारात कितीही मिजास करणारा असला, तरी देवाला भिणारा होता. "लपवली नाई, साहेब. मले गाडीत टाकून डाक्तरकडे नेलं यानंच. शिवळ लावल्याबिगर बैल कसे जुपले असते? बैल पळवत नेले, अन् वाटंनं हाच रडून राहिला होता." मग त्यानं वामनरावांकडे बघून घाईनं भर घातली, "म्हंजे, रडत होता जी."

आणखी एक रेघ डावीकडे, आणि उजवीकडे पहिली नोंद झाली.

"मग तू याला शिवी कोणती दिलीस?" साहेबांनी मापाऱ्याला विचारलं.

नत्थुजीनं चोरट्या नजरेनं माणिकबाईकडे पाहिलं. "साहेब, म्या कापसात हात घातला अन् म्हटलं, पानी मारून आनला. हा म्हने, दव हाये. म्या म्हटलं, तुही सासूच कचेरीपुढं बसून तुह्या नावानं खडे फोडते, तुहा भरोसा कोन धरंल? तरी हा गप. हासला बी थोडा. मंग म्या..." तो अडखळला. "मंग म्या त्याच्या सासूले एक घान शब्द बोललो. तवा त्यानं मारलं. चूक माही बी हाये."

माणिकबाईनं जावयाकडे पाहिलं. तो अजूनही जमिनीकडेच बघत होता. स्वतःला लबाड म्हटलेलं त्यानं हसण्यावारी नेलं. आठ महिने त्याला चव्हाट्यावर भाजणाऱ्या बाईला एक शब्द बोलला गेला, तेव्हा हातातलं खाली ठेवायचं भान त्याला राहिलं नाही. आणि तो शब्द सासूच्या कानावर पडू नये म्हणून तो दोन-तीन वर्षं आत जायला तयार होता. तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. पदर तोंडात कोंबून ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी निकाल दिला. हात मोडला, त्याला माफी नाही. पण अचानक चिडला, पहिलाच गुन्हा, स्वतः कबूल झाला, जखमीला स्वतः दवाखान्यात नेलं. म्हणून एक महिना सक्तमजुरी. तुरुंगाचा भाजीमळा ओसाड पडला होता आणि कैदी माळी बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता, तेव्हा मजुरी तिथंच करावी, असंही ठरलं.

चौथ्या दिवशी वामनराव निंबाखाली आले. "तुझ्या जावयानं निरोप दिलाय. वांग्याचं बी मागितलंय. तुझंच पाहिजे म्हणतो."

माणिकबाईनं कमरेची पुरचुंडी सोडली. ती चार दिवसांपासून तिथंच खोचलेली होती, हे तिनं सांगितलं नाही.

महिना गेला. होळीला आठ दिवस उरले होते. आज सहदेव सुटणार म्हणून माणिकबाई नवं लुगडं नेसून बसली होती. महिनाभर तिनं जावयाविषयी चकार शब्द काढला नव्हता आणि गिऱ्हाइकांना चुकल्यासारखं होत होतं. वामनराव कचेरीत जाता जाता थांबले. "काय, जावई?"

"येऊन राहिला."

वामनरावांनी इकडंतिकडं पाहिलं नाही. ते निंबाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. "म्हणजे वाटेवर आहे. थांबतो मग. बरं, आता काही तक्रार त्याच्याबद्दल?"

"हाये ना, लय हायेत," माणिकबाई म्हणाली. "पन तुमाले नाई सांगत. तुमी लिहून घेता."

तेवढ्यात वळणावरून सहदेव आला. तुरुंगातून उजाडताच सुटून तो आधी घरी गेला होता, रुख्मिणीला भेटला होता, वावरात चक्कर मारून आला होता. त्यामुळे हातात विळा होता. तो निंबाखाली सासूपुढे उभा राहिला. मग त्यानं टोपलीतलं एक वांगं उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"मामी, हे वांगे लहान काहून? पानी कमी देता तुमी. आमच्या तुरुंगात याच बियाचे रोपं पाहा..."

"मले शिकवता?" माणिकबाई कडाडली. "वांगे उपटनारा मानूस मले शिकवते!"

सहदेवच्या नाकपुड्या फुगल्या. त्यानं वांगं टोपलीत ठेवलं. मग वाकून विळा जमिनीवर ठेवला, पायानं हळूच पलीकडे सारला आणि मगच तोंड उघडलं.

माणिकबाईनं तो विळा पाहिला आणि तिला इतकं भरून आलं, की तो पुढं जे भांडला, त्यातली पहिली काही वाक्यं तिला ऐकूच आली नाहीत.